तंबूच्या कापडाखाली

तंबूच्या खुंट्या उपटून झाल्या होत्या. दांड्यांची जुडी बांधून बाबांनी बाजूला ठेवली होती आणि निळं कापड कातळावर सपाट पसरून, त्यावर गुडघे टेकून मी त्यातली हवा बाहेर लोटत होते.

“कडेकडून लोट,” बाबा म्हणाले. “मधून लोटलीस तर सुरकुत्या राहतात.”

“राहू देत की. इस्त्री थोडीच करायचीय त्याला,” आई म्हणाली. ती पलीकडे पाण्याच्या टाक्याजवळ बसून चहाचं पातेलं मातीनं घासत होती.

बाबा हसले. आईही हसली. मला फार बरं वाटलं.

मी तेरा वर्षांची होते. आठवीची परीक्षा आदल्याच आठवड्यात संपली होती. आम्ही कऱ्हाडला राहायचो. बाबा पाटबंधारे खात्यात होते, आई रक्त-लघवी तपासायच्या एका लॅबमध्ये काम करायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा शनिवारी दुपारी आम्ही तिघं जवळपासच्या एखाद्या डोंगरावर जायचो, रात्र तंबूत काढायचो आणि रविवारी जेवायला घरी. लांब कधीच गेलो नाही. जिथून आपल्या घराकडचे दिवे दिसतात तेवढंच लांब जायचं, असं बाबांचं म्हणणं असे.

त्या खेपेला डोंगर मी निवडला होता. वरवंट्याचा डोंगर. माथ्यावर वरवंटा आडवा ठेवावा तसा लांबट, गोल कातळ आहे म्हणून त्याचं नाव तसं. त्या कातळाखाली एका बाजूनं अंगणाएवढी सपाट जागा आहे, तिच्या एका टोकाला खडकात खोदलेलं जुनं टाकं. सपाटी संपते तिथे कडा. कठडा वगैरे काही नाही, सरळ खाली झाडी.

गेले दोन आठवडे घरात भांडण झालं नव्हतं. त्याआधी वर्षभर मी रोज रात्री उशीखाली डोकं घालून झोपत होते, कारण बंद दाराआडून येणारे आवाज मला नको असायचे. ते अचानक थांबले. आई बाबांना विचारून भाजी करू लागली, बाबा “चालेल की” म्हणू लागले. त्या डोंगरावर तर दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखी वागत होती. मी ठरवून टाकलं होतं की सगळं मिटलं.

“शलू, वर बघ! पटकन!” बाबा म्हणाले.

आमच्या डोक्यावर, कातळाच्या पुढे आलेल्या ओठाखाली आग्या माश्यांची चार पोळी होती. काळी, पोत्यांसारखी लोंबणारी. आदल्या संध्याकाळी बाबांनी ती दुर्बिणीतून दाखवली होती. आपण धूर केला नाही, दगड मारला नाही तर त्या आपल्याकडे बघतसुद्धा नाहीत, असं सांगितलं होतं. आम्ही चूलही पेटवली नव्हती, स्टोव्ह आणला होता.

आता त्या पोळ्यांसमोर घारीएवढा एक तपकिरी पक्षी घिरट्या घालत होता.

“मधुबाज आहे तो,” बाबा दुर्बीण शोधत म्हणाले. “पोळ्यावर झडप घालतो. वीस वर्षं ऐकतोय मी, पाहिला नव्हता कधी.”

पक्षी आत वळला, पोळ्याला पाय मारून निघून गेला. भाकरीएवढा एक तुकडा सुटला आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर कातळावर पडून फुटला.

“बघितलंस?” बाबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मग आवाज बदलला. तोवर तो आवाज आहे हेसुद्धा आमच्या लक्षात नव्हतं, इतका तो सकाळपासून कानात मुरला होता. तो एकदम चढला. गिरणी सुरू व्हावी तसा. पोळं हललं, त्याच्यावरचा काळा थर सुटून खाली सांडला आणि सांडता सांडता पसरला.

“वैजू, पळ! इकडे ये!” बाबा आईला ओरडले. “कापडाखाली! शलू, आत शीर!”

पहिली माशी माझ्या कानामागे बसली. तापलेली सळई टोचल्यासारखं झालं. मी किंचाळले. बाबांनी मला मानेला धरून खाली दाबलं आणि तंबूचं कापड माझ्यावर ओढलं. आईच्या चपला धावत आल्या, ती माझ्या अंगावरच पडली. पण बाबा आत आले नाहीत. कापडावरून दगड घासल्याचे आवाज येत होते. ते कडेनं दगड ठेवत होते.

“अहो, आत या!” आई ओरडत होती. “राहू द्या ते दगड! आत या!”

“एक बाजू राहिली,” बाबा म्हणाले.

मग ते शिरले. त्यांच्याबरोबर माश्या आल्या. निळ्या उजेडात आम्ही तिघं गुडघे पोटाशी घेऊन पडलो होतो आणि आई चपलेनं, तळव्यानं, कोपरानं एकेक माशी चिरडत होती. मी डोळे मिटून घेतले होते. वरून कापडावर माश्या आपटत होत्या. तापल्या तेलात मोहरी टाकल्यावर तडतडते तसं ते चाललं होतं, पण थांबतच नव्हतं.

आतल्या माश्या संपल्या तेव्हा आईनं विचारलं, “किती चावल्या तुम्हाला?”

“मोजल्या नाहीत.”

“थट्टा नकोय. किती?”

“बऱ्याच. मानेवर, डोक्यात.” बाबा थोडे थांबले. “तळहात खाजताहेत, वैजू.”

आई चटकन त्यांच्याकडे वळली. मला ते समजायला दोन क्षण लागले. दोन वर्षांपूर्वी आमच्या गॅलरीत बाबांना एक गांधीलमाशी चावली होती. एकच. तेव्हा आधी त्यांचे तळहात खाजले होते, मग ओठ सुजले होते आणि रिक्षातून नेताना ते श्वास घेण्यासाठी मान उंच करत होते. डॉक्टरांनी बजावलं होतं की ॲलर्जीच्या गोळ्या कायम जवळ ठेवा. आई ठेवायची.

“गोळ्या कुठायत?” मी विचारलं.

“माझ्या पिशवीत,” आई म्हणाली.

“आणि पिशवी?”

“टाक्याजवळ.”

टाकं एरवी दहा ढांगांवर. मी कापडाची कड किंचित उचलली. बाहेर हवा दिसतच नव्हती, नुसत्या माश्या. मी कड सोडून दिली.

“थांबू,” बाबा म्हणाले. “अर्ध्या तासात निवतील.”

त्यांचा आवाज जड झाला होता. तोंडात घास असताना बोलावं तसा. आईनं त्यांच्या गळ्याला हात लावला, मग मनगटाला. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. एवढ्या जवळून मी तो कधी बघितला नव्हता.

“अर्धा तास नाहीये आपल्याकडे,” ती म्हणाली. “मी आणते.”

बाबांनी तिचं मनगट पकडलं. “वेडी आहेस का? पोरीला कोण मग?”

“सोडा.”

“ऐक ना. आपण हिला अजून सांगितलं नाहीये.”

“ते आत्ता राहू द्या.”

“राहू द्या काय? दुपारी सांगायचं ठरलं होतं.” एकेक शब्द ते ढकलून बाहेर काढत होते. “मला काही झालं तर नंतर हिला कुठून तरी कळेल. आणि मग तुझ्या एकटीच्या माथी येईल. तसं नको. दोघांनी मिळून ठरवलंय, तिला सांग. मी कबूल होतो म्हणून सांग.”

“काय ठरवलंय?” मी विचारलं. “काय सांगायचंय मला?”

दोघंही माझ्याकडे बघेनात.

“शलू,” आई ओढणी डोक्याभोवती गुंडाळता गुंडाळता म्हणाली, “मी बाहेर गेले की कड दाबून धरायची. मी हाक मारल्याशिवाय उचलायची नाही. आणि बाबांना बोलतं ठेव. झोपू द्यायचं नाही अजिबात.”

अंथरूण-पांघरूण, स्वेटर, सगळं आवरून टाक्याजवळ नेऊन ठेवलेलं होतं. तिच्याकडे ती सुती ओढणी सोडून काही नव्हतं. तिनं नाक-तोंड झाकलं, बाह्या पंजांवर ओढल्या. डोळे उघडेच राहिले. मग ती पोटावर सरकत बाहेर गेली, आणि मी दोन्ही हातांनी कड दाबली.

“बाबा, बोला ना.”

“काय बोलू?”

“काहीही. धरणं सांगा. आपल्या जिल्ह्यातली.”

मी लहान असताना झोपवताना ते मला धरणांची नावं म्हणून दाखवायचे. आता त्यांचा वरचा ओठ नाकाला टेकला होता आणि डोळ्यांच्या फटी झाल्या होत्या. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

“कोयना,” ते म्हणाले. “धोम. कण्हेर.”

“पुढे?”

“तारळी.”

“पुढे, बाबा!”

“उर... उरमोडी.”

बाहेरून आईचा आवाज येत नव्हता. ती ओरडली असती तरी मला चाललं असतं. मग पातेलं पडल्याचा आवाज झाला, ते कातळावरून खणखणत गेलं आणि आवाज एकदम तुटला. कड्यावरून खाली गेलं ते. मी कान देऊन ऐकत राहिले. आणखी काही पडतंय का, हेच मी ऐकत होते.

“आई!” मी ओरडले.

“शलू!” तिचा आवाज आला. पण भलत्याच बाजूनं. टाकं माझ्या पायांकडे होतं आणि आवाज डोक्याकडून येत होता, जिकडे कडा होता. “शलू, कुठे आहेस तू? बोल. मला दिसत नाहीये.”

मी कड उचलून डोकं बाहेर काढलं. आई कातळावर रांगत होती. ओढणी गळ्यात आली होती, केसांत माश्या होत्या, केस दिसतच नव्हते इतक्या. डोळे सुजून मिटले होते. पिशवी तिनं पोटाशी धरली होती आणि एक हात पुढे चाचपत होता. त्या हाताच्या पुढे फार तर दोन हात कातळ उरला होता.

“थांब!” मी एवढ्या जोरात ओरडले की घसा फाटला. “हलू नको! पुढे कडा आहे!”

ती जागच्या जागी थिजली.

“मागे वळ. आई, पूर्ण मागे वळ. आता माझ्या आवाजाकडे ये. सरळ. थोडं डावीकडे. नाही, तुझ्या डावीकडे!”

माझ्या गालावर, कपाळावर, ओठावर माश्या डसत होत्या. डसताहेत हे कळत होतं पण दुखत नव्हतं. मी बोलत राहिले. ये, ये, सरळ ये. ती रांगत आली, माझ्या हाताला तिचा हात लागला आणि मी तिला आत ओढलं. तिच्याबरोबर आलेल्या माश्या मी मारल्या. तिच्या केसांतल्या बोटांनी चिरडल्या.

“गोळ्या काढ,” आई म्हणाली. ती धापा टाकत होती. “आतल्या कप्प्यात. पांढरं पाकीट. दोन गोळ्या.”

बाबांना गिळता येईना. पाणी तोंडात घातलं की बाहेर ओघळत होतं. आईनं गोळ्या माझ्या हातातून चाचपत घेतल्या, दातांखाली बारीक केल्या आणि तो लगदा बोटानं त्यांच्या गालाच्या आत सारला. मग त्यांचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन त्यांची हनुवटी वर धरून बसली. कापड तिच्या डोक्यावर तंबूसारखं उभं राहिलं.

“श्वास घ्या,” ती म्हणत होती. “हळू. घाई नाही. घ्या. सोडा.”

मी मोठ्यानं रडत होते. मला कुणी गप्प केलं नाही.

आम्ही किती वेळ तसे होतो ते मला सांगता येणार नाही. घामानं अंगाखालचा कातळ ओला झाला. कापडाचा आणि चिरडलेल्या माश्यांचा गोडसर, आंबूस वास येत होता. हळूहळू वरची तडतड विरळ झाली. बाबांची शिट्टी चालूच होती, पण वाढत नव्हती.

“बाहेर बघ,” आई म्हणाली.

मी बघितलं. तुरळक माश्या होत्या. बाकीच्या पोळ्यावर परतून पुन्हा काळा थर झाला होता, काही घडलंच नाही असा.

“निघायचं,” आई म्हणाली. “आत्ता. एवढ्या गोळ्यांनी भागणार नाही. इंजेक्शन लागेल. सामान राहू दे.”

मोबाइल बाबांच्या खिशात होता, पण डोंगराच्या त्या अंगाला रेंज नव्हती. बाबांना उभं राहता येत नव्हतं. उभं केलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार यायचा आणि गुडघे वाकायचे. आईला दिसत नव्हतं. एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसऱ्यातून नुसता उजेड कळत होता. तिनं बाबांचा हात स्वतःच्या गळ्याभोवती घेतला, कमरेला विळखा घातला आणि म्हणाली, “शलू, तू पुढे. आमच्याकडे तोंड करून. मला पाय कुठे टाकायचा ते सांगायचं.”

टाक्यावरून कड्याच्या कडेनं पाऊलवाट जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काही नाही. येताना मी तिच्यावरून गाणी म्हणत आले होते. आता उलटी उतरत होते. आधी मागे वळून बघायचं, एक पाऊल मागे टाकायचं, मग समोर बघून सांगायचं.

“पाय उचल. आता खाली. अजून खाली. टेकला. आता बाबांचा.”

“दगड सुटा आहे का?”

“नाही. पक्का आहे.”

“खात्री कर.”

मी हातानं दाबून बघायचे. माझा ओठ सुजून शब्द नीट निघत नव्हते. मला वाटत होतं, एक शब्द चुकला, मी उजवं म्हणायच्या ऐवजी डावं म्हणाले, तर दोघंही माझ्या डोळ्यांसमोर जातील आणि मी या डोंगरावर एकटी राहीन. उजवं कुठलं, डावं कुठलं हे मी प्रत्येक वेळी मनात घोकत होते.

वाटेच्या मधोमध बाबा खाली बसले. बसले कसले, कोसळलेच. आई त्यांच्याबरोबर खेचली गेली आणि कातळाला पाठ लावून कशीबशी सावरली.

“मला ठेवा इथं,” बाबा म्हणाले. “तुम्ही जा. माणसं घेऊन या.”

“ऊठ,” आई म्हणाली.

“नाही होत, वैजू.”

“दिगंबर, ऊठ! ऊठ म्हणते ना! पोरीसमोर असा बसू नको. ऊठ!”

तिनं बाबांना नावानं हाक मारलेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. ती त्यांना ‘अहो’च म्हणायची, भांडतानासुद्धा. बाबांनी मान वर केली. कातळाला धरून ते उठले.

खालच्या वस्तीवर हातपंपाशी दोन बायका पाणी भरत होत्या. आम्हाला बघून त्यातल्या एकीनं हंडा तिथंच टाकला.

“आग्या उठलं व्हय गं? आगं बया, काय तोंडं झाल्यात ही! आवो, गाडी काढा! आदी गाडी काढा!”

तिच्या नवऱ्याची टोमॅटोची पिकअप गाडी होती. त्यानं भरलेले क्रेट भराभर रस्त्यावर उतरवले. बाबांना मागे आडवं केलं, त्यांचे पाय एका क्रेटवर उंच ठेवले, आई त्यांच्या डोक्याशी बसली. ती बाईसुद्धा आमच्याबरोबर आली. वाटभर तिनं मला घट्ट कुशीत धरलं होतं. तिचं नावही मी विचारलं नाही.

दवाखान्यात बाबांना आत नेलं आणि पडदा ओढला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही, चपलांकडे बघत राहिले.

“धोका टळलाय,” ते म्हणाले. “गोळ्या दिल्या होत्या ते बरं केलंत. आता तुम्हाला बघू, ताई.”

आई म्हणाली, “आधी मुलीला बघा.”

संध्याकाळी आम्ही तिघं एकाच खोलीत होतो. बाबांच्या तोंडावरची सूज उतरू लागली होती, श्वास मोकळा झाला होता. आईला मात्र ताप चढला होता. तिचा चेहरा चेहऱ्यासारखा राहिला नव्हता. पापण्या, गाल, कपाळ, सगळं एकच झालं होतं. नर्सबाईंनी तिच्या हातापायांत रुतलेले माश्यांचे काटे काढले होते, केसांतले राहिले होते. बाहेर अपघाताची कुठली तरी केस आली आणि त्या “आलेच हं” म्हणून गेल्या.

बाबा आपल्या खाटेवरून उठले. सलाइनची बाटली अडकवलेला दांडा सरकवत आईच्या खाटेवर, तिच्या मागे जाऊन बसले. तिचे केस बोटांनी बाजूला करून नखानं काटा खरवडायचा आणि मी धरलेल्या स्टीलच्या ताटलीत टाकायचा, असं त्यांनी सुरू केलं.

“दुखतंय?” ते म्हणाले.

“नाही. काढा.”

ताटलीत काटे साठत गेले. खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं ऊन दिसत होतं.

“काय सांगायचं होतं मला?” मी विचारलं.

बाबांचा हात थांबला. आईनं सुजलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. तिला मी दिसत नव्हते.

“तुझी परीक्षा होईपर्यंत थांबलो होतो,” ती म्हणाली. “मी सांगलीला बदली मागून घेतलीय. लॅबची तिकडे शाखा आहे. तू माझ्याबरोबर यायचंस. बाबा इथंच राहतील. तू सुट्टीत त्यांच्याकडे.”

“किती दिवस?”

“कायमचं, शलू,” बाबा म्हणाले.

मी त्या दोघांकडे बघत राहिले. बाबांची बोटं अजून आईच्या केसांतच होती.

“पण तू गोळ्या आणायला गेलीस,” मी आईला म्हणाले. “मेली असतीस तू. मग कशाला गेलीस?”

“असं काय विचारतेस?” आई म्हणाली. तिला खरंच माझा प्रश्न कळला नव्हता. “त्यांना श्वास घेता येत नव्हता ना.”

“मग आता राहा ना इथंच! आता राहा!”

आईनं हात पुढे केला. चाचपत माझा गुडघा शोधला आणि त्यावर ठेवला.

“ते वेगळं आहे, बाळा,” ती म्हणाली.

जूनमध्ये आम्ही सांगलीला गेलो. सामान बाबांनीच ट्रकमध्ये चढवून दिलं. पुढे बाबांनी दुसरं लग्न केलं, आईनं केलं नाही. माझ्या लग्नात दोघांनी शेजारी बसून कन्यादान केलं आणि कुणाला काही वावगं दिसलं नाही. एकमेकांविषयी वाईट बोललेलं मी दोघांच्याही तोंडून कधी ऐकलं नाही. डोंगरावर मी पुढे कित्येकदा गेले, आता माझ्या मुलांना घेऊन जाते. माश्यांची भीती मला राहिलेली नाही. त्या दिवशीच्या इतर भीतीही वर्षांबरोबर गेल्या.

दवाखान्यातल्या त्या खोलीतली भीती तेवढी गेली नाही. मोठ्या माणसांचा राग जातो, हे मला तेव्हाही माहीत होतं. रागावलेली माणसं समजुतीला येतात, रुसलेली परत बोलतात. त्या आशेवर मी वर्षभर उशीखाली डोकं घालून वाट बघत होते. पण समोर बसलेली ही दोन माणसं एकमेकांवर रागावलेलीच नव्हती. आता कुणाची समजूत काढायची, कशाची वाट बघायची, ते मला कळेना. ताटली माझ्या हातात कलती झाली.

“नीट धर,” बाबा हळूच म्हणाले. मग आईला म्हणाले, “मान जरा खाली घे. मागच्या बाजूला बरेच राहिलेत.”

आईनं मान खाली घातली. बाबांनी तिच्या मानेवरचे केस उचलून धरले आणि खिडकीतला उजेड मावळायच्या आत होतील तेवढे काटे काढत बसले.